लेकरू शाळेत शिकायलंय काय?

मागच्या जुलैत पालक सभा होती. एक आई सगळा वेळ वर्गाच्या दारात उभी राहिली. आत या म्हटलं तरी आली नाही. विषय झाले, रजिस्टरवर सह्या-अंगठे झाले, चहा झाला. लोक उठले तेव्हा ती पुढे आली आणि म्हणाली, “सर, पोरगी रोज शाळेत येती, ते दिसतंय मला. पण ती शिकायली काय, ते आम्हाला कुणीच सांगंना.” मी म्हणालो, “चांगलं चाललंय तिचं. हुशार आहे.” ती म्हणाली, “ते तर पाचवीतबी सांगितलं होतं.”

बीड जिल्ह्यात धारूर-वडवणीच्या डोंगरपट्ट्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेवर सहावी ते आठवीला गणित शिकवतो. अठरा वर्षं झाली. तिची मुलगी त्या आठवड्यात काय शिकत होती, कुठं अडत होती, हे मला चांगलं माहीत होतं. पण ते तिच्या आईला सांगायचं असतं, हे मात्र इतक्या वर्षांत माझ्या मनातून पार निघून गेलं होतं.

त्या रात्री मी शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप उघडला आणि महिन्याभराचे निरोप पहिल्यापासून वाचले. आधार अपडेट करून घ्या. बँक पासबुकाची झेरॉक्स उद्याच पाठवा. अपार आयडीचं संमतिपत्र राहिलेल्यांची नावं खालीलप्रमाणे. वृक्षारोपणाचे फोटो, पाहुण्यांच्या सत्काराचे फोटो, आषाढीच्या दिंडीचा व्हिडिओ. गणवेशाची मापं. उद्या सुट्टी. जूनमध्ये ज्या लेकराला एखादी गोष्ट येत नव्हती, त्याला ती जुलैत यायला लागली, असं सांगणारी एक ओळसुद्धा त्यात सापडली नाही. हे ग्रुप बहुतेक ठिकाणी २०२० साली निघाले, ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ या मोहिमेच्या दिवसांत. तेव्हा त्यांवर निदान धडे तरी जात होते. शाळा उघडली, धडे वर्गात परतले आणि ग्रुपवर उरले ते कागद मागणं आणि कार्यक्रम दाखवणं.

माझं म्हणणं एवढंच आहे की वर्गात काय चाललंय हे शाळेनं घरी कळवलं पाहिजे. घरच्या बोलीत, लिहून नव्हे तर बोलून, आणि होईल तितकं त्या लेकराच्याच तोंडून. हा काही गुरुजींनी करायचा उपकार नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ सालचा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याच्या कलम २४ मध्ये शिक्षकाची कर्तव्यं दिली आहेत. वेळेवर येणं, अभ्यासक्रम पूर्ण करणं यांच्याच रांगेत तिथं हेही आहे की शिक्षकानं पालकांच्या नियमित बैठका घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, शिकण्यातली प्रगती त्यांना सांगावी. अभ्यासक्रम राहिला की आम्हाला विचारणा होते. हे राहिलं म्हणून कुणाला जाब विचारल्याचं मी तरी पाहिलेलं नाही.

कुणी म्हणेल, प्रगतिपुस्तक जातंच की घरी. जातं. त्यात काय असतं ते मी सांगतो, कारण मीच ते भरतो. २०१० पासून आपल्याकडे सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. गुणांच्या जोडीला प्रत्येक मुलाविषयी वर्णनात्मक नोंदी करायच्या ठरल्या. कल्पना फार चांगली होती. शिक्षकानं त्या एका लेकराकडे बघावं आणि जे दिसेल ते लिहावं. पण सत्राच्या शेवटच्या आठवड्यात साठ-सत्तर मुलं, आठ-नऊ विषय आणि दोन दिवसांची मुदत असली की काय होतं ते प्रत्येक शिक्षकाला ठाऊक आहे. नोंदींच्या तयार पीडीएफ फिरतात. ‘वाचनाची आवड आहे.’ ‘हस्ताक्षर वळणदार आहे.’ ‘इतरांना मदत करतो.’ ‘गणिती क्रिया अचूक करते.’ त्यातून उचलून चिकटवायचं. मीही चिकटवलं आहे. एका वर्षी दोन भावांच्या पुस्तकांत एकसारखी नोंद गेली. एक सहावीत, एक आठवीत. त्यांच्या आजोबांनी दोन्ही पुस्तकं शेजारी ठेवून मला दाखवली. अक्षर लावून लावून वाचणारा माणूस. म्हणाला, “दोघंबी सारखेच हैत का हो सर?” दोघं अजिबात सारखे नव्हते. एकाला अपूर्णांक डोळ्यांसमोर दिसल्यासारखे कळायचे आणि दुसरा वर्गात कुणाचं भांडण झालं की ते मिटवूनच जागेवर बसायचा. हे मला माहीत होतं, पण ते कागदावर उतरलंच नाही.

सहावी ते आठवी या तीन वर्षांबद्दल मला जास्त बोलायचं आहे, कारण घर आणि शाळा यांची ताटातूट नेमकी इथं होते. पहिलीच्या लेकराच्या आईला आता शाळा विचारते. २०२२ पासून ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारी अभियानात माता-पालकांचे गट केले, त्यांना आयडिया कार्डं दिली. घरातल्या भाज्या, भांडी, बटणं घेऊन लेकराला मोजायला, लावायला कसं शिकवायचं ते दाखवलं. बाया हौसेनं आल्या. तेच लेकरू सहावीत गेलं की आई म्हणते, आता त्यातलं आपल्याला काय कळतंय. शाळाही तसंच धरून चालते. गणितात बैजिक राशी येतात, विज्ञानात न पाहिलेली नावं येतात, आणि घर गप्प होतं.

नेमकं याच वयात पोरांचा आवाज फुटतो, पोरींची पाळी सुरू होते, मैत्र्या तुटतात, कुणाच्या हातात घरचा फोन येतो आणि काय बघितलं ते कुणाला सांगता येत नाही. आमच्या पट्ट्यात याच वयात पोरीच्या लग्नाचं बोलणं निघतं. ऊसतोडीच्या टोळीत जायचं तर वयात आलेली पोर मागं कुणापाशी ठेवायची, हा आईबापाचा खरा घोर असतो. लग्न लावलं की नवा कोयता, म्हणजे ऊस तोडणारी नवरा-बायकोची जोडी, तयार होतो, उचल, म्हणजे मजुरीची आगाऊ रक्कम, मिळते, हेही तितकंच खरं. शाळेनं महिन्याला दोन निरोप धाडले म्हणून बालविवाह थांबतील, असं मी म्हणत नाही. त्याची मुळं मजुरीत आणि धाकात आहेत. पण सोयरीक घेऊन पाहुणे दारात बसलेले असतात तेव्हा आईच्या ओठावर काय असतं? ‘पोरगी शाळेत जाती’ एवढंच. ती तिथं काय करते, तिला काय येतं, पुढं काय येणार आहे, यातलं काहीच तिला सांगता येत नाही, कारण आम्ही तिला ते कधी सांगितलेलंच नसतं. शाळेत जाणं ही चार तासांसाठी सांभाळायला ठेवल्यासारखी गोष्ट वाटत असेल तर ती थांबवताना जीव तुटत नाही.

आता त्या दारातल्या आईकडे परत येतो. दसऱ्यानंतर ते दोघं नवरा-बायको टोळीबरोबर कोल्हापूरकडे गेले. मुलगी आजीजवळ राहिली. जानेवारीत सातवीच्या गणितात ‘बँक व सरळव्याज’ हा धडा आला. द.सा.द.शे. म्हणजे दर साल दर शेकडा. दरवर्षी मुलं ही अक्षरं पाठ करतात, सूत्रात आकडे घालतात आणि विसरतात. या खेपेला मी म्हटलं, घरी विचारून या, गावात उसने पैसे काय दरानं मिळतात? दुसऱ्या दिवशी निम्मा वर्ग एकच उत्तर घेऊन आला, शेकडा तीन. दोन-चार घरांतून शेकडा पाच. गावात शेकडा तीन म्हटलं की महिन्याला तीन, हे सगळ्यांना जन्मापासून माहीत असतं. पुस्तकात मात्र दर वर्षाचा. ती मुलगी फळ्याजवळ गेली. दहा हजार मुद्दल लिहिलं. महिन्याला तीनशे. बारा महिन्यांचे तीन हजार सहाशे. मग खडू तसाच धरून थांबली आणि म्हणाली, “सर, म्हणजे हे द.सा.द.शे. छत्तीस झालं.” वर्ग एकदम शांत झाला. पुस्तकातल्या गणितात दर आठ-दहाच्या आसपास असतो.

मी फोन काढला आणि तिला म्हटलं, हे तुझ्या आईला सांग, जसं फळ्यावर सांगितलंस तसंच. तिनं सांगितलं. दीड मिनिटाचा आवाज. “आई, आपल्याकडं शेकडा तीन म्हणतेत ना, त्ये महिन्याचं असतंय…” असं सुरू झालेलं. तो तिच्या आईच्या फोनवर गेला. रात्री साडेआठला कोपीवरून, म्हणजे ऊसतोड्यांच्या झोपडीवरून, फोन आला. मागं कुणीतरी भांडी घासत होतं. आईचा पहिला प्रश्न होता, “सर, मग आमची उचलीतली बाकी राहिलीय, त्येच्यावर लावत्यात त्येबी असंच व्हतंय का?” आम्ही दोघांनी फोनवर तो हिशेब केला. शेवटी ती जरा थांबून म्हणाली, “आन् हे तिनं तिचं तिनंच काढलं?”

घरातल्यांना त्यातलं काय कळणार, हा आमचा समज किती खोटा आहे ते मला त्या फोनवर कळलं. ज्या बाईनं शेकड्याचं ओझं आयुष्यभर वाहिलं, तिला सरळव्याज कळत नाही असं म्हणायचं धाडस मी आता करणार नाही. तसंच ‘समप्रमाण व व्यस्तप्रमाण’ या धड्याचं. उसाच्या फडात माणसं वाढली की दिवस कमी लागतात, हे त्या पट्ट्यातल्या प्रत्येक घराला येतं. नाव तेवढं माहीत नसतं. वर्गातली गोष्ट घराच्या भाषेत गेली की घर तिला जागा देतं, आणि अनेकदा वर्गाला परत काहीतरी देतं.

भाषेचं हे दुखणं मराठवाड्यात जुनं आहे. निजामाच्या राज्यात सरकारी कारभार उर्दूत होता, वरचं शिक्षण उर्दूत होतं, हैदराबादचं उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली निघालं तेही उर्दू माध्यमाचं. मराठी बोलणाऱ्या कुणब्याच्या घरी कागद आला की तो वाचून घ्यायला दुसऱ्याच्या ओट्यावर जावं लागे. म्हणूनच हिप्परग्यासारख्या ठिकाणी लोकांनी स्वतःच्या राष्ट्रीय शाळा उभ्या केल्या. स्वामी रामानंद तीर्थ मुक्तिलढ्यात उतरण्याआधी हिप्परग्याच्या शाळेत आणि मग अंबाजोगाईला शिक्षक होते. १७ सप्टेंबर १९४८ ला ते राज्य गेलं. पण ‘सर्व पालकांना सूचित करण्यात येते की’ या शब्दांनी सुरू होणारा निरोप आजही तसाच ओट्यावर जातो. कुणाचा तरी नववीतला भाऊ तो वाचतो, आणि आईला सांगतो, “काय नाही, आधार मागितलंय.” माझ्या अनुभवात नव्वद टक्के वेळा त्याचं बरोबर असतं.

कायद्यानं आणखी एक दार उघडून ठेवलं आहे, शाळा व्यवस्थापन समिती. कलम २१ प्रमाणे तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असले पाहिजेत आणि निम्म्या स्त्रिया. यापेक्षा जास्त अधिकार कागदावर देता येणार नाही. प्रत्यक्षात बैठकीत खोलीची गळती, संरक्षक भिंत, पोषण आहाराचा तांदूळ, गणवेश हे विषय असतात. ते हवेतच. पण ‘सातवीची मुलं या महिन्यात काय शिकली’ हा विषय प्रोसिडिंगमध्ये मी अलीकडेपर्यंत पाहिला नव्हता. आणि कोरम भरला नाही की रजिस्टर घरोघर फिरतं, चुलीपाशी बसलेली सदस्य बाई हात पुसून सही करते. काय ठरलं ते तिला विचारू नका.

आता माझ्याच सहकाऱ्यांचे आक्षेप. पहिला वेळेचा, आणि तो खोटा नाही. शिक्षकाचा दिवस ऑनलाइन माहिती भरण्यात, पोषण आहाराच्या नोंदीत, बीएलओच्या, म्हणजे मतदार यादीच्या, कामात जातो. त्यात आणखी एक काम लावलं तर त्याचीही पीडीएफ निघेल. म्हणूनच मी ते शिक्षकाच्या डोक्यावर ठेवत नाही. आठवड्याला एका वर्गाचा एक आवाज, दोन मिनिटांचा, मुलांनीच तयार केलेला. सोमवारी पाच जणांनी ठरवायचं, या आठवड्यात कोण सांगणार, काय सांगणार. सांगायचं म्हणजे आधी नीट कळावं लागतं. माझ्या वर्गात तर गृहपाठापेक्षा यानंच मुलांचं जास्त पक्कं झालं.

दुसरा आक्षेप मला जास्त छळतो. ‘सर, घरी सांगितलं की मारतेत.’ हे मला एका मुलानं सांगितलं आणि ते खरं होतं. त्याला भागाकार येत नाही हे मी बापाला बाजारात उभ्या उभ्या सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी पोरगा आलाच नाही. तेव्हापासून मी एक पाळतो. जे येत नाही ते ग्रुपवर कधीच नाही आणि चारचौघांत कधीच नाही. ते एकट्या पालकाला सांगायचं, आणि त्यासाठी शाळा काय करणार आहे तेही त्याच दमात सांगायचं. ग्रुपवर गुणांची यादी टाकणं तर बंदच व्हावं. बारा-तेरा वर्षांच्या पोराला गावात तोंड दाखवायचं असतं. फोटोंचंही तेच. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानं अठरा वर्षांखालच्या मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची अट घातली आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, गणवेश नसलेलं पोर फोटोत कडेला उभं केलेलं असतं, ते त्याच्या आईला दिसतंच.

पालक येतच नाहीत, हा तिसरा आक्षेप. सकाळी अकराची सभा म्हणजे त्या दिवसाचा रोज बुडाला. संध्याकाळी सातला तांड्यावर, वस्तीवर मंदिरापुढे सतरंजी टाकून घ्या, येतात. आम्ही दोनदा घेतली. पहिल्या वेळी पावसानं मोडली. दुसऱ्या वेळी इतक्या बाया आल्या की दिव्याखाली जागा पुरली नाही.

आणि घराला फक्त धडेच कळवायचे असंही नाही. फडावरून बापाचा फोन येतो तेव्हा तो पहिलं काय विचारतो माहीत आहे? “कुणाच्या शेजारी बसतोय? जेवतोय का?” शाळा म्हणजे लेकराचं दुसरं गाव आहे. तिथं मंत्रिमंडळाची निवडणूक होते, तीत मतं फुटतात. पोषण आहाराच्या रांगेत कुणी कुणाला मागं ढकलतं. मुला-मुलींना बोलतं करणाऱ्या मीना-राजू मंचावर एखादी पोर पहिल्यांदा मोठ्यानं बोलते. आमच्या परसबागेचा हिशेब आठवीतला एक मुलगा ठेवतो. वर्गात तो तोंड उघडत नाही. मेथीच्या किती जुड्या आहाराला दिल्या, कितीचं बी आणलं, सगळं तारखेवार. त्याच्या वडिलांना ती वही मी दाखवली तेव्हा त्यांनी एकेक पान उलटून पाहिलं आणि विचारलं, “हे ह्याचंच अक्षर का?” वर्षभर मी त्यांना ‘अबोल आहे, बोलत जा म्हणावं’ एवढंच ऐकवत होतो.

म्हणून मागणी ठोस आहे, आणि ती शाळेकडे करायची आहे, गट शिक्षणाधिकाऱ्यांकडे करायची आहे, समितीतल्या पालकांनी करायची आहे. महिन्याच्या बैठकीचा पहिला विषय, प्रत्येक वर्गानं काय शिकलं, आणि ते त्या वर्गातल्या मुलानं उभं राहून सांगावं. प्रगतिपुस्तकात प्रत्येक लेकराला एकच नोंद, पण त्याचीच, शिक्षकानं पाहिलेली. पीडीएफमधल्या चाळीस ओळींपेक्षा ती एक ओळ मोलाची. ज्यांचे आईबाप फडावर आहेत त्यांच्यासाठी आठवड्याचा आवाज रात्री आठनंतर जावा, कारण पहाटे चारला ते उसात असतात आणि दिवसा फोन कोपीत चार्जिंगला पडलेला असतो. मुलं हंगामी वसतिगृहात राहोत की आजीपाशी, तो आवाज त्यांनाही पोचावा. जी लेकरं आईबापांबरोबर जातात त्यांच्या हातात आपण शिक्षण हमी पत्रक देतो. त्या पत्रकामागं, पोरगं काय शिकून आलंय आणि इथून पुढं काय शिकवायचं, हे दोन ओळींत लिहून द्यायला कुणाची परवानगी लागत नाही. तिकडच्या शाळेतल्या गुरुजींना पोरगं कोरं वाटतं, ते कोरं नसतं.

टोळ्या हलायला आता फार दिवस नाहीत. एकदा ट्रक गेला की नंबर बदलतात, सिम बदलतात, मुकादमाच्या फोनवर निरोप ठेवावा लागतो. म्हणून आमच्या शाळेत यंदा मुलांनीच यादी करायला घेतली आहे. कोण कुठल्या कारखान्याला जाणार, फोन कुणाचा, रात्री किती वाजता लागतो. फुलस्केप कागदावर पट्टीनं रकाने आखले आहेत. सातवीच्या पानावर अजून चार घरांपुढचे रकाने रिकामे आहेत, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर आम्ही त्या चार घरी जाणार आहोत.